फिरायचंही आणि पुढेही सरकायचं! सिलिंडर ‘गोल’ करणाऱ्या बोअरिंग मशीनच्या आत नेमकं काय चालतं?

मराठी माणसाच्या तोंडी ‘बोअर’ हा शब्द तीन अर्थांनी येतो. पिक्चर बोअर असतो, शेतात बोअर मारतात, आणि जुन्या गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला की मेकॅनिक म्हणतो, “आता बोअर करावं लागेल.” या तिसऱ्या बोअरबद्दल आपल्याला एवढंच माहीत असतं की खर्च येणार आहे आणि गाडी दोन दिवस मिळणार नाही.

त्या दोन दिवसांत होतं काय? इंजिनचं सिलिंडर एका मशीनवर चढतं. आतून एक छोटंसं टूल गोल फिरतं आणि फिरता फिरता हळूहळू खाली सरकतं. स्प्लेंडरसारख्या १०० सीसी गटातल्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मुळात ५० मिलिमीटर असतो. तो वाढवून पहिल्या ‘ओव्हरसाईज’ला, म्हणजे ५०.२५ मिलिमीटरला आणतात. प्रत्येक बाजूने काढायचा असतो जेमतेम ०.१२५ मिलिमीटर धातू, साधारण दोन केसांच्या जाडीएवढा.

हालचाली फक्त दोन: फिरणं आणि सरकणं. पण या दोन हालचाली एकाच वस्तूला एकाच वेळी नीट करायला लावणं हे यंत्रशास्त्रातलं एक अवघड काम आहे. ते जमत नव्हतं म्हणून जेम्स वॅटचं वाफेचं इंजिन कित्येक वर्षं अडून राहिलं होतं.

भोक पाडणं वेगळं, बोअर करणं वेगळं

ड्रिल भोक पाडतं. पण ड्रिलचं टोक मऊ जागेकडे सरकतं, आधीचं भोक असेल तर त्याच्याच मागे जातं. भोक वाकडं असेल तर ड्रिल आज्ञाधारकपणे वाकड्या भोकातूनच जाणार.

बोअरिंग म्हणजे आधीपासून असलेलं भोक मोठं करणं, आणि तेही एकाच धारेच्या टूलने. एका जाड दांड्याला, म्हणजे बोअरिंग बारला, एक टूल बसवलेलं असतं. बार स्वतःभोवती फिरतो आणि टूलचं टोक एक वर्तुळ काढतं. या वर्तुळाचं केंद्र जुन्या भोकाचं नसतं, ते मशीनच्या स्पिंडलचं असतं. त्यामुळे जुनं भोक वाकडं, लंबगोल किंवा एका बाजूला सरकलेलं असलं तरी नवं भोक स्पिंडलच्या अक्षावरच तयार होतं. अट एकच: बार वाकता कामा नये. आणि सगळी कहाणी या एका अटीपाशी सुरू होते.

चिंध्या, बूच आणि जुन्या टोप्या

वॅटने वेगळ्या कंडेन्सरचं पेटंट १७६९ साली घेतलं. कल्पना पक्की होती, कागदावर सगळं जुळत होतं. स्कॉटलंडमध्ये किनील इथे त्याने १८ इंची सिलिंडरचं इंजिन उभं केलं, पण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधून वाफ निसटत राहिली. ती फट बुजवायला वॅटने तेलात भिजवलेल्या चिंध्या, बूच, पुठ्ठा, अगदी जुन्या टोप्याही वापरून पाहिल्या. गळती थांबली नाही.

इथे एक प्रश्न पडतो. त्याआधीची न्यूकोमेनची इंजिनं तर खाणींवर चांगली चालत होती, त्यांची सिलिंडर काय फार गोल होती? अजिबात नाही. पण न्यूकोमेनच्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर पाण्याचा थर ठेवत, आणि ते पाणीच फट झाकून टाकायचं. वॅटला ही सोय नव्हती. सिलिंडर सतत गरम ठेवायचा हाच त्याच्या शोधाचा गाभा होता आणि वर थंड पाणी ओतलं की तो गाभाच संपला. म्हणजे जुन्या इंजिनला जे वेडंवाकडं सिलिंडर चालत होतं, ते नव्या इंजिनला चालणार नव्हतं. शोध पुढे गेला होता, तो बनवणारं मशीन मागे राहिलं होतं.

मशीन होती, नाही असं नाही. जॉन स्मीटन या नामवंत इंजिनिअरने स्कॉटलंडच्या कॅरन लोखंड कारखान्यात सिलिंडर बोअर करायचं मशीन बसवलं होतं. त्यात एका लांब दांड्याच्या टोकाला कापणारं डोकं होतं. दांडा एकाच बाजूने धरलेला, म्हणून वजनाने टोक खाली झुकणार. त्यावर उपाय म्हणून त्या डोक्याला आधार द्यायला एक छोटी गाडी सिलिंडरच्या आतूनच चालवली जायची. आता ही गाडी कशावरून चालणार? सिलिंडरच्या अजून न कापलेल्या, ओतकामातून आलेल्या खडबडीत तळावरून! तळ जिथे वर जाईल तिथे टूलही वर, तळ जिथे खाली तिथे टूलही खाली. ज्या चुका काढायच्या होत्या त्यांच्याच खांद्यावर टूल बसलेलं होतं.

विल्किन्सनचा दांडा

हा गुंता जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने सोडवला. १७७४ साली त्याने तोफा बोअर करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यात भरीव ओतलेली तोफ फिरायची आणि टूल न फिरता सरळ आत जायचं. पण तोफेचं एक टोक बंद असतं. वाफेच्या इंजिनचं सिलिंडर दोन्ही टोकांना उघडं असतं. १७७५ साली वेल्समधल्या बर्शमच्या कारखान्यात विल्किन्सनने या साध्या गोष्टीचा फायदा घेतला. दांडा सिलिंडरच्या आरपार घातला आणि दोन्ही टोकांना भक्कम बेअरिंगमध्ये धरला. सिलिंडर जागेवर घट्ट बांधलं. पाणचक्कीच्या जोरावर दांडा फिरायला लागला.

मग टूल पुढे कसं सरकणार? दांडा तर दोन्हीकडे अडकवलेला. विल्किन्सनने दांडा पोकळ ठेवला आणि त्याला लांबीभर एक खाच दिली. कापणारं डोकं दांड्यावर कड्यासारखं बसलेलं, दांड्याबरोबर फिरणारं, पण लांबीच्या दिशेने सरकायला मोकळं. पोकळीतून एक सळई आत जायची, ती खाचेतून डोक्याला जोडलेली, आणि बाहेरच्या टोकाला दातेरी पट्टी, पिनियन आणि वजनं. वजनांच्या ओढीने सळई हळूहळू सरकायची आणि तिच्याबरोबर फिरतं डोकंही. फिरवण्याचं काम एका वाटेने, सरकवण्याचं काम दुसऱ्या वाटेने. आजच्या बोअरिंग मशीनची मांडणी मुळात हीच आहे.

परिणाम लगेच दिसला. १७७६ मध्ये वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधानाने लिहून ठेवलं की टिप्टन इथे बसवलेल्या ५० इंची सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढासुद्धा फरक नाही. ५० इंच म्हणजे १२७ सेंटिमीटर. आजच्या हिशेबाने एका नाण्याच्या जाडीची चूक भयंकर वाटेल, पण वॅटच्या इंजिनला तेवढं पुरेसं होतं. पुढची सुमारे वीस वर्षं बोल्टन-वॅटची बहुतेक सिलिंडर विल्किन्सनकडूनच येत राहिली. नंतर याच विल्किन्सनने वॅटला रॉयल्टी न देता गुपचूप इंजिनं बनवल्याचं उघड झालं आणि भांडण जुंपलं, तो भाग निराळा. लोखंडाचं त्याला इतकं वेड होतं की १८०८ साली तो गेला तेव्हा त्याला लोखंडी शवपेटीत पुरण्यात आलं.

दोन टोकांना धरल्याने एवढा काय फरक पडतो?

आकड्यांत बघू. २० मिलिमीटर जाडीचा पोलादी बार ८० मिलिमीटर बाहेर काढला आणि टूलवर साधारण ३० किलो वजनाएवढा जोर आला, तर टोक सुमारे ०.०३ मिलिमीटर हटतं. तोच बार १६० मिलिमीटर बाहेर काढला तर? दुप्पट लांबी, म्हणून दुप्पट वाक, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाक आठपट होतो, म्हणजे ०.२५ मिलिमीटर. रीबोअरमध्ये व्यास जेवढा वाढवायचा होता तेवढं टूलच बाजूला हटलं!

लांबीचा परिणाम घनाने वाढतो आणि जाडीचा चौथ्या घाताने. बार दुप्पट जाड केला तर वाक सोळावा हिस्सा राहतो. आणि तोच बार, तेवढीच लांबी, पण दोन्ही टोकांना आधार देऊन जोर मधोमध आला तरीही वाक सोळावा हिस्सा होतो. विल्किन्सनच्या हाती लागलं ते हे सोळापटीचं गणित.

म्हणूनच टर्नर लोकांचा ठोकताळा असतो की एका बाजूने धरलेला पोलादी बार स्वतःच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये. कार्बाइडचा बार सहापटीपर्यंत चालतो, त्यापुढे कंपन शोषून घेणारे खास बार लागतात. हा नियम मोडला की मशीन आधी कानाला सांगतं. चर्रर्र असा कर्कश आवाज येतो आणि भोकाच्या भिंतीवर बारीक लाटा उमटतात. वर्कशॉपमध्ये याला ‘चॅटर’ म्हणतात.

फिरणाऱ्या वस्तूला पुढे ढकलायचं कसं?

हा प्रश्न वाटतो त्याहून चिवट आहे. सेकंदाला आठ-नऊ फेरे घेणाऱ्या दांड्याला हात लावून ढकलता येत नाही. त्याला फिरवणारे गिअरही त्याच्याबरोबर सरकून चालणार नाहीत. त्यावर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या युक्त्या निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याच आजही वापरात आहेत.

सगळ्यात ओळखीची युक्ती प्रत्येक ड्रिल मशीनवर दिसते. फिरणारा स्पिंडल एका न फिरणाऱ्या नळीत बेअरिंगवर बसवलेला असतो, शर्टाच्या बाहीत हात असावा तसा. या नळीला ‘क्विल’ म्हणतात. तिच्या बाहेर दाते कापलेले असतात आणि हँडल फिरवलं की पिनियन ते दाते ओढून क्विल खाली आणतं. आतला स्पिंडल फिरत राहतो, पण बाहीबरोबर खाली येतो. फिरवणारी पुली मात्र जागेवरच असते. स्पिंडलच्या वरच्या भागाला लांब खाचा असतात, पुली त्या खाचांना धरून त्याला फिरवते आणि स्पिंडल तिच्यातून सरकत राहतो.

मोठ्या आडव्या बोअरिंग मशीनमध्ये हीच कल्पना थोडी उलटी असते. तिथे बाहेरची जाड नळी फिरते, तिच्यातली चावी स्पिंडलला आपल्याबरोबर फिरवते आणि स्पिंडल नळीतून पुढे येतो. त्याचं मागचं टोक एका थ्रस्ट बेअरिंगमध्ये धरलेलं असतं. हे बेअरिंग दांड्याला फिरू देतं, पण स्वतःला सोडून पुढेमागे जाऊ देत नाही. बेअरिंगचं घर फीड स्क्रूच्या नटाला जोडलेलं असतं. स्क्रू फिरला की घर सरकतं, घराबरोबर स्पिंडल सरकतो.

तिसरी युक्ती जुनी आणि भलतीच गमतीची आहे. तिला ‘स्टार फीड’ म्हणतात. बारवर एक बारीक स्क्रू बसवलेला असतो आणि त्याच्या टोकाला चांदणीच्या आकाराचं चाक. बाहेर फ्रेमला एक खुंटी. बार फिरताना ही चांदणी प्रत्येक फेरीत एकदा त्या खुंटीवर आपटते आणि एक टोक पुढे सरकते. चांदणीला ६ टोकं असतील तर स्क्रू एक षष्ठांश फिरणार. स्क्रूचा पिच १.५ मिलिमीटर असेल तर दर फेरीला टूल ०.२५ मिलिमीटर पुढे. ना वेगळी मोटर, ना गिअरबॉक्स. जागेवर नेऊन काम करायच्या लहान बारवर आणि फेसिंग हेडवर ही चांदणी अजून भेटते.

पण सगळ्यात हुशार म्हणावी अशी युक्ती फरकाची आहे. विल्किन्सनसारखाच बार घ्या, पण आत सळईऐवजी स्क्रू ठेवा आणि कापणाऱ्या डोक्याचा नट त्या स्क्रूवर बसवा. बार आणि स्क्रू दोन्ही एकाच दिशेने, एकाच वेगाने फिरवले तर नट आणि स्क्रू एकमेकांच्या हिशेबात स्थिरच राहतात, डोकं पुढे जातच नाही. आता गिअरचे दाते असे निवडा की बारचे १०० फेरे होतील तेव्हा स्क्रूचे १०१ होतील. फरक एका फेरीचा. स्क्रूचा पिच ६ मिलिमीटर असेल तर १०० फेऱ्यांत डोकं ६ मिलिमीटर सरकणार, म्हणजे दर फेरीला ०.०६ मिलिमीटर. जाडजूड, राकट गिअर वापरून केसाच्या जाडीची चाल मिळते.

आजच्या सीएनसी मशीनमध्ये फिरवायला एक मोटर आणि सरकवायला दुसरी सर्व्हो मोटर असते. स्पिंडलवरचा एन्कोडर किती कोनात फिरलं ते सतत सांगतो आणि कंट्रोलर त्या प्रमाणात बॉल स्क्रू फिरवतो. गिअरने बांधलेलं नातं आता सॉफ्टवेअरने बांधलंय एवढंच. नातं मात्र मोजायचं पूर्वीसारखंच: दर फेरीला किती मिलिमीटर.

कोण सरकतंय, यावरही भोक बिघडतं

टूल सरकलं काय किंवा जॉब सरकला काय, शेवटी सारखंच ना? नाही. हा मुद्दा अनेकदा मशीनवर नवीन आलेल्या मुलांनाही चकवतो.

स्पिंडल बाहेर काढत काढत बोअर केलं तर सुरुवातीला बार १०० मिलिमीटर बाहेर असेल आणि शेवटी ३००. बाहेर आलेली लांबी वाढत जाते, म्हणजे वाकही वाढत जातो आणि टूल भिंतीपासून थोडं थोडं मागे हटत जातं. भोक तोंडाशी मोठं आणि तळाशी लहान होतं. याउलट स्पिंडल जागेवर ठेवून टेबलावरचा जॉब पुढे सरकवला तर बारची लांबी बदलत नाही. वाक असतोच, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा. तेवढं टूल बाहेर काढलं की भोक सरळ येतं.

विल्किन्सनच्या पद्धतीतही हीच अडचण बारीक रूपात होती. त्याचं डोकं दांड्यावरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायचं आणि दांडा मधोमध सगळ्यात जास्त झुकलेला. म्हणून दांडा भरपूर जाड हवा. टूल बारवर एकाच जागी घट्ट बसवून जॉब सरकवला तर हा दोषही जातो, पण मग बार भोकाच्या दुप्पटीहून लांब लागतो. अख्खं सिलिंडर टूलच्या पलीकडे जायला जागा नको का? एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं.

वेग कोण ठरवतं?

फिरण्याचा वेग व्यासावर ठरतो. टूलची धार धातूवरून मिनिटाला किती मीटर जाते हे महत्त्वाचं. कास्ट आयर्नमध्ये मिनिटाला ८० मीटर धरले तर ५० मिलिमीटरच्या बोअरला सुमारे ५१० फेरे लागतात. बोल्टनच्या त्या ५० इंची सिलिंडरला त्याच हिशेबाने फक्त २०, आणि तेही आजच्या कार्बाइड टूलने.

फीडचं गणित वेगळं. जास्त फीड दिला तर काम लवकर होतं, पण भिंतीवर आटे पडल्यासारख्या रेघा दिसतात. फार कमी दिला किंवा टूल बोथट असलं तर धार कापायचं सोडून नुसती घासत बसते आणि उष्णता होते. ही उष्णता किती असू शकते याचा पुरावा इतिहासात आहे. बव्हेरियाच्या सेवेत असलेल्या काउंट रम्फर्डने म्युनिकमध्ये तोफेचं पितळ मुद्दाम बोथट टूलवर घोड्यांच्या जोरावर फिरवलं आणि सगळं पाण्यात बुडवून ठेवलं. अडीच तासांनी ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागलं. १७९८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं आणि उष्णता हा एक द्रव असतो या समजुतीला मोठा धक्का बसला. वर्कशॉपमधली बोथट टूलची डोकेदुखी भौतिकशास्त्राच्या कामी आली ती अशी.

गाडीच्या सिलिंडरवर हे सगळं एकत्र येतं

वापरलेलं सिलिंडर सगळीकडे सारखं झिजत नाही. वरच्या रिंगपाशी दाब सर्वाधिक आणि तेल कमी, म्हणून झीज तिथे जास्त. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन एका बाजूला दाबला जातो आणि भोक लंबगोल होतं. त्यामुळे चांगला कारागीर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना माप घेतो.

मग येतो सेंटर काढण्याचा प्रश्न. झिजलेल्या भागावरून सेंटर काढलं तर तो एका बाजूला सरकलेला मिळणार आणि नवं भोक क्रँकच्या रेषेतून हटणार. म्हणून रिंग पोहोचत नाही अशा न झिजलेल्या भागावर, बहुधा तळाशी, सेंटर काढतात. हे घाईत केलं तर भोक आरशासारखं गुळगुळीत येईल, पण पिस्टन तिरका चालेल आणि काही महिन्यांत धूर परत सुरू होईल. गिऱ्हाईक मग पिस्टनला दोष देतं.

टूल लावतानाही एक सापळा असतो. टूल ०.०५ मिलिमीटर बाहेर काढलं तर व्यास ०.१० ने वाढतो, कारण कट दोन्ही बाजूंनी होतो. काही हेडच्या डायलवर त्रिज्येची मापं असतात, काहींवर व्यासाची. इथे गफलत झाली की काढलेला धातू परत चिकटवता येत नाही, थेट पुढच्या ओव्हरसाईजचा पिस्टन घ्यावा लागतो.

कटही एकदम घेत नाहीत. भोक लंबगोल असल्याने टूलला एका बाजूला जास्त धातू लागतो, दुसऱ्या बाजूला कमी. जास्त धातूपाशी बार जास्त वाकतो, म्हणून जुना लंबगोल आकार थोडा नव्या भोकातही उतरतो. दुसऱ्या हलक्या कटात तो आणखी कमी होतो. शेवटचा कट घेऊन टूल फिरतंच मागे आणलं तर भिंतीवर नागमोडी ओरखडा उमटतो. त्यासाठी स्पिंडल थांबवून, टूलचं टोक भिंतीपासून सोडवून मगच बार बाहेर काढायचा.

आणि एवढं करूनही बोअर पूर्ण मापाला नेत नाहीत. सुमारे ०.०५ मिलिमीटर मुद्दाम शिल्लक ठेवतात, ते होनिंगसाठी. होनिंगमध्ये घासणारे दगड फिरतात आणि त्याच वेळी भराभर वरखाली होतात. इथेही तेच फिरणं आणि सरकणं, फक्त सरकण्याचा वेग आता खूप जास्त. त्यातून भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघांची जाळी तयार होते आणि त्या रेघांत तेल धरून राहतं. काही नव्या गाड्यांच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक पातळ थर असतो. तो कापला की संपलाच, म्हणून तिथे साधं रीबोअर करत नाहीत, बहुतेक वेळा सिलिंडरच बदलतात. मेकॅनिकने “बोअर करू” म्हटलं तर आपल्या गाडीचं सिलिंडर कोणत्या जातीचं आहे, हे आधी विचारून घेतलेलं बरं.